कालीचरणचं शतक आणि सिपारीची माई

बंगळूरच्या बनशंकरीत मंगळवारी किंवा शुक्रवारी राहुकाळात गेलात तर देवळाशी आधी नजरेत भरतात ती लिंबं. लिंबू अर्ध्यावर चिरायचं, रस पिळून टाकायचा, साल उलटी केली की झाली पणती! तेल-वात घालून बायका अशा पणत्या देवीपुढे लावतात. राहुकाळ ही खरं तर टाळायची वेळ. इथं मात्र नेमकी तेव्हाच गर्दी. सोमण्णा शेट्टी नावाच्या भक्तानं १९१५ साली बदामीहून मूर्ती आणून हे देऊळ उभारलं असं सांगतात. बदामीची बनशंकरी म्हणजे शाकंभरी, महाराष्ट्रातल्याही कित्येक घरांची कुलस्वामिनी.

भक्त निघाला की देवीही त्याच्याबरोबर निघते. बदामी ते बंगळूर हा पल्ला काहीच नाही. दक्षिणेतलीच एक देवी चक्क सातासमुद्रापार, वेस्ट इंडीजच्या ऊसमळ्यांत जाऊन बसली आहे.

वेस्ट इंडीज म्हटलं की आपल्याला आठवतं क्रिकेट, तेव्हा सुरुवात तिथूनच केलेली बरी. बनशंकरीपासून दहाएक किलोमीटरवर चिन्नास्वामी स्टेडियम आहे. तिथली पहिली कसोटी नोव्हेंबर १९७४ मध्ये झाली, तीही वेस्ट इंडीजशीच. गॉर्डन ग्रीनिज आणि व्हिव रिचर्ड्स यांची ती पहिली कसोटी, तशीच आपल्या हेमंत कानिटकरांचीही. कानिटकरांनी पहिल्या डावात ६५ धावा काढल्या. रिचर्ड्सच्या दोन्ही डावांत मिळून झाल्या सात! पाहुण्यांच्या पहिल्या डावात १२४ धावा ठोकल्या त्या एका ठेंगण्या डावखुऱ्या फलंदाजानं. त्याचं नाव आल्विन कॅलिचरण. इंग्रजी स्पेलिंगच्या कोलांट्याउड्या बाजूला ठेवा आणि नाव एकदा मोठ्यानं म्हणा. कालीचरण!

हे नाव गयानात पोचलं कसं?

ब्रिटिश साम्राज्यात १८३४ साली गुलामगिरी कायद्यानं संपली आणि १८३८ मध्ये आफ्रिकन मजूर खऱ्या अर्थानं सुटले. ऊस तोडायला माणसं हवी होती. मळेवाल्यांची नजर वळली हिंदुस्थानकडे. ५ मे १८३८ रोजी 'व्हिटबी' आणि 'हेस्पेरस' ही जहाजं गयानाला लागली. ३० मे १८४५ रोजी 'फातेल रझाक' त्रिनिदादला पोचलं. पाच वर्षांचा करार, त्याचं नाव 'ॲग्रीमेंट'. मजुरांच्या तोंडी त्याचं झालं 'गिरमिट'. १९१७ साली ही भरती बंद होईपर्यंत गयानात सुमारे २ लाख ३९ हजार आणि त्रिनिदादमध्ये सुमारे १ लाख ४४ हजार माणसं उतरली. (गयाना हे बेट नव्हे, दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचा देश आहे. पण क्रिकेटसंघापासून खाण्यापिण्यापर्यंत सगळा संसार कॅरिबियनचा.) बहुतेक जण कलकत्त्याहून गेलेले भोजपुरी मुलखातले, थोडे मद्रासहून गेलेले तमिळ, तेलुगू. मुंबई बंदरातून गिरमिटावर गेलेला मराठी मजूर मुख्यतः मॉरिशसला गेला.

मळ्याच्या दप्तरात मजुराचं एकच नाव लागे. पुढं बापाचं तेच नाव मुलाचं आडनाव झालं. रामाधीन, कन्हाई, चंदरपॉल ही मंडळी त्यातूनच आलेली. त्यातलं एक नाव तर उलट्या वाटेनं मुंबईला परत आलं. सुनील गावस्करांनी मुलाचं नाव रोहन ठेवलं ते गयानाच्या रोहन कन्हाईवरून. त्याच्या 'जयविश्व' या मधल्या नावात जयसिंहा आहेत आणि बंगळूरचे गुंडाप्पा विश्वनाथही!

या इतिहासात बायकांचा वाटा फारसा कुणी सांगत नाही. शंभर पुरुषांमागे चाळीस बायका न्यायच्या, असा नियम पुढं झाला. त्यांतल्या कितीतरी एकट्याच जहाजावर चढल्या. कुणी विधवा होती, कुणी नवऱ्यानं टाकलेली. घरी राहून वाट्याला काय येणार हे त्यांना ठाऊक होतं, आणि पुढं काय वाढून ठेवलंय याची कल्पना नव्हती. जहाजावर सगळ्यांचं अन्न एकत्र शिजे. सोवळं-ओवळं तिथंच गळून पडलं. एका जहाजातून आलेले ते 'जहाजी', भावाबहिणीसारखे. अशा घरांत आपसांत सोयरीकही टाळत.

भाषा टिकली नाही. तमिळ गेली, नातवंडांपर्यंत भोजपुरीही पुसट झाली. स्वयंपाकघर मात्र टिकलं. त्रिनिदादची 'दालपुरी' पाहिली तर मराठी बाई म्हणेल, ही आमच्या पुरणपोळीची तिखटमिठाची बहीण! डाळ शिजवून, वाटून, जिरं घालून पोळीत भरायची आणि तव्यावर भाजायची. फ्रेंचांच्या ताब्यातल्या मार्टिनिक आणि ग्वादलुप या बेटांवर तमिळ मजूर १८५३-५४ पासून उतरले. तिथल्या मसालेदार रश्श्याला आजही 'कोलोंबो' म्हणतात. हे नाव तमिळ 'कुळंबू'वरून आलं असं मानतात.

आणि देवी? ग्वादलुप-मार्टिनिकमध्ये मारीअम्मनची झाली 'मालिएमेन'. गयानात मद्रासी मजुरांनी 'काली माई'ची पूजा चालू ठेवली. कडुनिंबाच्या डहाळ्या, हळदीचं पाणी, कापूर, लिंबू आणि 'तप्पू' नावाचा डफ. देवी अंगात येते, आजारी माणसावरून कडुनिंब फिरवतात. तिथल्याच शिकल्यासवरल्या हिंदूंनी या पूजेला बरीच वर्षं नाकं मुरडली. पण दुखणाईत माणूस प्रतिष्ठा बघत नाही. आफ्रिकन वंशाचे गयानीही काली माईच्या दारी येतात. बनशंकरीत लिंबाची पणती लावणाऱ्या बाईला तिथं फारसं परकं वाटू नये.

त्रिनिदादच्या दक्षिणेला सिपारिया नावाचं गाव आहे. तिथल्या रोमन कॅथलिक चर्चमध्ये 'ला दिव्हिना पास्तोरा' म्हणजे मेंढरं राखणाऱ्या मेरीमातेची सावळी मूर्ती आहे. ऊसमळ्यावरच्या हिंदूंनी तिला पाहिलं आणि ओळखलं, ही तर आपलीच! त्यांनी तिला नाव दिलं 'सिपारी माई'. पाद्री मंडळींना हे सुरुवातीला मुळीच रुचलं नाही, पण लोक येतच राहिले. आजही गुड फ्रायडेच्या आदल्या दिवसापासून हिंदू कुटुंबांची रीघ लागते. कुणी तांदूळ वाहतं, कुणी तेल, कुणी दागिना. आणि चर्चच्या आवारात न्हावी बसलेले असतात. आया आपली तान्ही मुलं मांडीवर घेऊन त्यांच्यासमोर बसतात. मुलांचं जावळ काढायचं असतं ना, माईच्या दारात!