आधी आवाज कोणी उतरवायचा?

२०२० च्या रमजानइतके शांत मरोळ क्वचितच कुणी अनुभवले असेल. २५ एप्रिलला पहिला रोजा उजाडला, तेव्हा टाळेबंदीला महिना झाला होता. अंधेरी-कुर्ला रस्त्यावरची नेहमीची कोंडी नाहीशी झाली होती, मरोळ नाक्यावरून धावणारी मेट्रो २२ मार्चपासून बंद होती, एमआयडीसीतली बहुतेक यंत्रे थंडावली होती. आकाशही गप्प होते. डिसेंबर २०१८ मध्ये एकाच दिवशी १,००७ विमानांची ये-जा हाताळणाऱ्या मुंबई विमानतळावर मालवाहू आणि मोजकी खास विमानेच उतरत होती. देशांतर्गत प्रवासी सेवा पुन्हा सुरू झाली ती २५ मे रोजी, नेमकी ईदच्या दिवशी; तीही दिवसाला २५ उड्डाणे आणि २५ आगमने एवढीच.

ही शांतता हौसेने आलेली नव्हती. यंत्र थांबले तशी मजुरीही थांबली. साकीनाका-मरोळच्या खोल्यांतून कामगार गावाकडे निघाले. तरावीह घरातच झाली. रिकाम्या रस्त्यावरून रुग्णवाहिका गेली की काळजात धस्स व्हायचे. तसली शांतता पुन्हा कुणी मागू नये. पण तिने शिकवलेले विसरूही नये.

गोंगाट ही चढाओढ असते. शेजारून ट्रक गेला की बोलणारा नकळत आवाज चढवतो. पाखरेही तेच करतात. सॅन फ्रान्सिस्कोत टाळेबंदीत वाहने कमी झाली, तेव्हा तिथल्या एका जातीच्या चिमण्या हळू गाऊ लागल्या आणि तरीही त्यांचे गाणे अधिक दूर पोहोचू लागले, असे संशोधकांना आढळले. मरोळला लागून असलेल्या आरेतल्या पाखरांचा गळाही काही त्या दिवसांत मोठा झाला नव्हता. त्यांच्या आड येणारा आवाज तेवढा सरला होता.

अजानची गोष्ट वेगळी नाही. त्याच रमजानमध्ये, १५ मे २०२० रोजी, अलाहाबाद उच्च न्यायालयाने म्हटले की अजान धर्माचा आवश्यक भाग असू शकते, पण ध्वनिक्षेपक तसा नाही. मुअज्जिनने आपल्या आवाजात अजान द्यावी. दोनच वर्षांनी, २०२२ च्या रमजानमध्ये, महाराष्ट्रात भोंग्यांवरून राजकारण तापले. भोंग्याला भोंग्याने उत्तर देण्याची भाषा सुरू झाली आणि चढाओढ पुन्हा रस्त्यावर आली.

कायदा सर्वांना सारखाच आहे. २००० च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. हा आकडा दहाने वाढला की आवाजाची ऊर्जा दहापट होते. विसर्जनाचा डीजे, लग्नाची वरात, बांधकामाची यंत्रे, सहरीला उठवणारा भोंगा, कुणाचीच यातून सुटका नाही.

पण आधी आवाज कोणी उतरवायचा? रोजेदाराने दुसऱ्याची वाट पाहू नये. रोजा पोटाइतकाच जिभेचाही असतो, आणि कुरआनात हजरत लुकमान मुलाला आवाज खाली ठेवायला सांगतात. गेली काही वर्षे रमजान दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत येतो. भिंतीपलीकडे कुणाचा तरी मुलगा अभ्यास करत असतो, कुणी रात्रपाळी करून झोपलेला असतो, कुणाची आई आजारी असते. सहरीसाठी प्रत्येकाच्या उशाशी मोबाइलचा गजर आहे. तरावीहनंतर गल्लीत हॉर्न न वाजवणे, चाँदरातीला सायलेन्सर काढलेल्या दुचाकी न पळवणे, इफ्तारच्या घाईत रस्ता न अडवणे, याला परवानगी लागत नाही की खर्च.

मशिदीच्या विश्वस्तांनी जुम्म्याच्या नमाजनंतर एवढेच सांगावे. मग मंडळाच्या कार्यकर्त्यांना तेच सांगताना कुणाला संकोच वाटणार नाही. २०२० ची शांतता भीतीने लादली होती. शेजाऱ्याची झोप जपण्यातून येणारी शांतता मात्र मरोळला स्वतःच मिळवता येईल.