घरचा ग्लास आणि हरवलेले माप

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केले. १८० मिलिलिटरच्या बाटलीची, म्हणजे क्वार्टरची, किमान किंमत २०५ रुपये झाली. करवाढीविरोधात बारचालकांनी १४ जुलैला राज्यभर बंदही पाळला. चर्चा झाली ती महसुलाची आणि धंद्याची. ग्लास बारमधून घरात सरकला तर शरीराचे काय होते, हा प्रश्न मागेच राहिला.

तिरोड्यासारख्या तालुक्याच्या गावातही मोबाइलवर पाहून ‘ओल्ड फॅशन्ड’ करणे आता अवघड नाही. व्हिस्की, थोडी साखर, बिटर्स नावाच्या कडू अर्काचे दोन-तीन थेंब, बर्फ आणि संत्र्याची साल. संत्र्यांची तर विदर्भात वाणच नाही. मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क ही कॉकटेलची व्याख्या १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातील एका वृत्तपत्रात छापून आली होती. तेव्हापासून कृती फारशी बदललेली नाही. प्रचलित कृतीत व्हिस्की असते ४५ ते ६० मिलिलिटर. बारमध्ये ती मापाने ओतली जाते; घरी ‘अंदाजे’.

हा अंदाजच घात करतो. आपल्याकडच्या व्हिस्कीत ४२.८ टक्के अल्कोहोल असते. ६० मिलिलिटरमध्ये सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जाते. स्टीलच्या पेल्यात बर्फावर ओतताना ६० चे ९० कधी झाले ते कळत नाही, आणि अल्कोहोल ३० ग्रॅमवर पोहोचते. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निकालात काढते. लिंबू पिळा, ताक प्या, अंघोळ करा, हा वेग वाढत नाही. रात्री अकरापर्यंत ६० चे चार ग्लास रिचवून सकाळच्या पाळीला मोटारसायकलवर निघालेल्या माणसाच्या रक्तात रात्रीची दारू शिल्लक असू शकते. वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. साठ किलोच्या पुरुषाने उपाशीपोटी एकच ६० चा पेग झटकन घेतला, तरी ती ओलांडली जाऊ शकते. बाईच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी, म्हणून तेवढ्याच पेगने पातळी आणखी वर जाते.

साखर आणि सालीचा सुगंध घशाची जळजळ झाकतात, त्यामुळे ग्लास लवकर रिकामा होतो. बाळाचे खोकल्याचे औषध झाकणाने मोजून देणाऱ्या घरात व्हिस्कीला मात्र माप नसते, हे विचित्रच.

गोंदिया सिकलसेलच्या पट्ट्यातला जिल्हा आहे. दारूने लघवी वाढते, शरीरातले पाणी घटते, आणि सिकलसेलच्या रुग्णाला हाडे पिळवटणाऱ्या वेदनांचा झटका येऊ शकतो. मे महिन्यातल्या उन्हात तर धोका दुप्पट समजावा. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर, ग्लासात साखर असूनही, रात्री उशिरा धोकादायकरीत्या उतरू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले, की अल्कोहोलची कोणतीही मात्रा पूर्ण सुरक्षित नाही. तेव्हा ‘रोज एक पेग हृदयाला चांगला’ हा सल्ला आता कोणी देऊ नये.

बाटली महागली की स्वस्तातला, बिनलेबलचा माल मोह घालतो. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक जीव घेतले. मिथेनॉल चवीने ओळखता येत नाही. कॉकटेलमध्ये तर नाहीच. लक्षणेही बहुधा १२ ते २४ तासांनी दिसतात: पोटदुखी, उलट्या, धाप, डोळ्यांपुढे धुके. दुसऱ्या दिवशी नजर धूसर झाली तर ‘हँगओव्हर’ म्हणून झोपवून ठेवू नये, त्याच घटकेला रुग्णालयात न्यावे आणि काय प्यायले ते डॉक्टरांना न लपवता सांगावे. बाटली असल्यास ती सोबत घ्यावी.