अर्धा कप चहा आणि हृदयाचा तगादा

गेल्या महिन्यात एका रुग्णालयाच्या हृदयतपासणी विभागाबाहेर बसलो असता, रात्रीच्या एस.टी.ने आडगावाहून आलेले एक वयोवृद्ध गृहस्थ, हातातील तपासणीचा कागद पुनःपुन्हा उलगडून पाहत, परिचारिकेला काकुळतीने सांगत होते, "बाई, अर्धाच कप घेतला हो, तोही स्टँडवर, थंडी फार होती म्हणून". आणि ती बिचारी, नियमापुढे निरुपाय होऊन, त्यांना पुढल्या आठवड्याची तारीख लिहून देत होती. कागदावर हुकूम स्पष्ट होता: २४ तास चहा-कॉफी वर्ज्य. कारण मात्र एका शब्दानेही दिलेले नव्हते. जाताना ते माझ्याकडे वळून म्हणाले, "खरं बोललो म्हणून फेरी पडली, नाही का?" या प्रश्नाने मी अस्वस्थ झालो, आणि आजचा लेख त्या अस्वस्थतेतूनच लिहीत आहे.

गुडघे कामातून गेल्यामुळे त्यांना ट्रेडमिलवर चालवणे शक्य नव्हते, म्हणून औषध देऊन 'स्ट्रेस थॅलियम' करण्याचे ठरले होते. अशा रुग्णांच्या शिरेत अॅडेनोसिन, डायपिरिडॅमोल किंवा २००८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले रेगाडेनोसॉन यांपैकी एखादे रक्तवाहिनी-विस्फारक औषध देतात, किरणोत्सारी द्रव्य टोचतात आणि हृदयस्नायूच्या कोणत्या भागास रक्त कमी पोहोचले याचे चित्र घेतात. या औषधाने हृदयाला 'व्यायाम घडतो' अशी समजूत रुग्णांतच नव्हे, तर सुशिक्षितांतही रूढ आहे; ती चुकीची आहे, आणि चहाच्या नियमाचे मर्म याच चुकीच्या आड लपलेले आहे.

एकंदर शरीर विश्रांतीच्या वेळी रक्तातील प्राणवायूचा सुमारे चतुर्थांश भागच उचलते आणि उरलेला गरजेसाठी शिल्लक ठेवते. हृदयाचा स्नायू मात्र स्वस्थ बसलेल्या माणसातसुद्धा आपल्याकडे आलेल्या प्राणवायूपैकी सुमारे ७० ते ७५ टक्के वसूल करून घेतो, त्यामुळे काम वाढले की अधिक उचलण्यास त्याच्यापाशी फारसे उरतच नाही, आणि रक्ताचा प्रवाहच वाढवून घेण्यावाचून त्यास गत्यंतर नसते. ही मागणी रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचते कशी? केंब्रिज येथे ड्रुरी आणि सेंट-ग्यॉर्गी या दोघांनी १९२९ साली दाखवून दिले, की हृदयस्नायूच्या अर्कातून मिळणारे अॅडेनोसिन हृदयाची गती मंदावते आणि त्याच्या रक्तवाहिन्या रुंदावते. पुढे १९६३ मध्ये रॉबर्ट बर्न यांनी असा सिद्धांत मांडला, की प्राणवायूचा तुटवडा पडून पेशीतील ऊर्जाद्रव्य विघटित होऊ लागले, की त्यातून निघणारे अॅडेनोसिन बाहेर पडून धमनीला सैल होण्याचा तगादा लावते. या कामी इतरही दूत आहेत हे नंतरच्या संशोधनाने दाखवले आहे. तथापि या दूताचे महत्त्व त्यामुळे नाहीसे होत नाही.

तपासणीत आपण करतो ते हेच, की खर्च झालेला नसताना तगाद्याची चिठ्ठी बाहेरून पाठवतो. धमन्या तिचे पालन करतात, निरोगी धमनीत प्रवाह तिप्पट-चौपट होतो. परंतु स्नायूचे काम जवळपास पूर्वीइतकेच राहते, नाडी थोडी जलद होते आणि रक्तदाब किंचित उतरतो एवढेच. म्हणून हृदयस्नायूतून परतणाऱ्या नीलेतील रक्तात प्राणवायू नेहमीपेक्षा अधिक शिल्लक आढळतो. व्यायामात मागणी आणि पुरवठा हातात हात घालून वाढतात. येथे चयापचयाच्या दफ्तरी मागणीची नोंदच नसते, वाढतो तो केवळ पुरवठा. अरुंद झालेल्या धमनीपलीकडील सूक्ष्म वाहिन्या मात्र विश्रांतीतच आपली राखीव क्षमता खर्चून बसलेल्या असल्यामुळे चिठ्ठी वाचूनही त्यांना आणखी उघडता येत नाही, आणि चित्रात तो भाग शेजाऱ्यांच्या मानाने फिका दिसतो. विश्रांतीतील प्रवाह धमनी ८५-९० टक्के अरुंद होईपर्यंत जवळजवळ अबाधित राहतो, महत्तम प्रवाह मात्र सुमारे ५० टक्क्यांपासूनच घटू लागतो. १९७४ साली कुत्र्यांवरील प्रयोगांतून लान्स गूल्ड यांनी दाखवलेली ही गोष्ट या सर्व परीक्षेचा पाया आहे.

डायपिरिडॅमोलचा इतिहास तर विशेष मननीय आहे. १९५९ च्या सुमारास जर्मनीतून ते हृदयशूळावरील औषध म्हणून बाजारात आले. अॅडेनोसिन पेशींत परत शोषले जाऊ न देता ते बाहेरच साठू देणे हे त्याचे कार्य. प्रवाह खरोखरच वाढे, पण रुग्णाचा शूळ मात्र अपेक्षेप्रमाणे हटेना, आणि काहींत तर तो उलट उफाळून येई, कारण निरोगी वाहिन्या सताड उघडल्यावर दुर्बल भागाकडे आडवाटेने जाणारे रक्तही तिकडेच वळते. उपचार म्हणून जो दोष ठरला तोच पुढे परीक्षेत गुण ठरला, आणि १९७८ मध्ये गूल्ड यांनी प्रतिमाचित्रणासाठी त्याचा उपयोग करून दाखवला. ज्याच्या हृदयात ही वाटमारी तीव्र असते त्याच्या स्नायूस मात्र खरीखुरी उपासमार घडते, तो दुग्धाम्ल निर्माण करू लागतो. म्हणूनच या परीक्षेच्या वेळी जवळ डॉक्टर असावेच लागतात.

आता चहाकडे येऊ. चहा-कॉफीतील कॅफिन पेशींवरील अॅडेनोसिनच्या ग्राहींवर आधीच जाऊन बसते आणि दूताला आत घेण्यास जागाच उरू देत नाही. अॅडेनोसिनचे रक्तातील आयुष्य अवघे दहा सेकंदांहूनही कमी, तर कॅफिनचा निम्मा भाग उतरण्यास सुमारे पाच तास. तेव्हा या झटापटीत कोणाची सरशी होणार हे सांगणे नलगे. याच कुळातील अमिनोफिलिन हे डायपिरिडॅमोलचा त्रास वाढल्यास उतारा म्हणून देतात, आणि दम्यासाठी आपल्याकडे अनेकजण घेत असलेल्या डेरिफायलिनमध्येही याच कुळातील थिओफिलिन आहे. शिवाय अॅडेनोसिनने दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळण्याची भीती असते, ती वेगळीच. म्हणून दमा आणि त्यावरील औषध या दोहोंची कैफियत डॉक्टरांना आधी सांगितलीच पाहिजे, आणि औषध थांबवायचे की नाही हे त्यांनीच ठरवले पाहिजे.

चहा पिऊन आलेल्याची धमनी पुरेशी विस्फारेलच असे नाही. मग निरोगी आणि रोगी भाग चित्रात सारखेच दिसू शकतात, आणि निकाल येतो 'सर्व ठीक'. ज्याने कबुली दिली त्याची फेरी वाया गेली. ज्याने ती दडवली तो रोग घेऊन निर्धास्त घरी जातो. नियमाचे कारण न सांगणारा कागद रुग्णाला नेमके दडवायलाच शिकवतो, कारण त्याच्या लेखी चहा हा पथ्याचा भंग असतो आणि भंगाची शिक्षा परत पाठवणी. माझे म्हणणे एवढेच आहे, की या विभागांनी आपल्या छापील कागदात मराठीतून तीन वाक्ये वाढवावीत: आपणांस जे औषध देणार आहोत त्याचा रस्ता चहा, कॉफी, कोला, चॉकलेट आणि काही डोकेदुखीच्या गोळ्या अडवतात, अडवला गेल्यास आजार असूनही तो दिसणार नाही, चुकून घेतले असल्यास निःसंकोच सांगा, आम्ही रागावणार नाही, तारीख बदलून देऊ. आणि जो रुग्ण रात्रीच्या गाडीने येणार आहे त्याला आदल्या दुपारी, तो घरून निघण्यापूर्वीच, एक फोन करून हेच पुन्हा तोंडी सांगण्याची तजवीज व्हावी.

— नाडीपरीक्षक