कांदा साठवा, पण गाठीसारखा नव्हे

कापडाच्या तिजारतीत आम्ही एक गोष्ट लवकर शिकलो. ज्याला माल चार दिवस घरात ठेवता येतो, तो भाव सांगतो. ज्याला आजच हप्त्याची मजुरी चुकती करायची आहे, त्याला भाव ऐकून घ्यावा लागतो. मालेगावचा प्रत्येक यंत्रमागवाला हे जाणतो. पण ज्या बांधवांची तालुक्यात दोन-चार एकर शेती आहे, ते कांद्याच्या वेळी हे शहाणपण विसरतात. एप्रिल-मे महिन्यांत उन्हाळ कांदा निघाला की बियाण्या-खताची उधारी फेडण्यासाठी सगळा माल ट्रॅक्टरमध्ये भरून बाजार समितीत नेतात, आणि दिवाळीच्या सुमारास तोच कांदा किराणा दुकानातून किलो-किलोने विकत आणतात. आपल्याच मालाचे आपण गिऱ्हाईक व्हावे, हा कुठला व्यापार?

उन्हाळ कांदा हा मुळात टिकणारा कांदा आहे. खरिपाचा नवा लाल कांदा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येईपर्यंत सारा देश याच साठ्यावर जगतो. मात्र तो साठवण्याची रीत ठाऊक हवी. आम्हीही एका वर्षी चूक केली. घरच्या शेतातला कांदा गोण्यांत भरून कापडाच्या गुदामात थप्पी लावून ठेवला. श्रावण लागला तोच गोण्यांतून पाणी गळू लागले. कांदा गेला तो गेलाच, शेजारच्या गाठींनाही दुर्गंधी लागली. तेव्हा उमगले की कापडाची गाठ जितकी घट्ट दाबावी तितकी चांगली. कांद्याला मात्र हवा लागते.

साठवणीची तयारी शेतातच सुरू होते. काढणीच्या दहा-पंधरा दिवस आधी पाणी तोडावे. काढलेला कांदा तीन-चार दिवस शेतात असा पसरावा की एकाची पात दुसऱ्या कांद्यावर येऊन ऊन अडेल. मग बोटभर मान ठेवून पात कापावी आणि दहा-बारा दिवस सावलीत सुकवावा. जोड, डेंगळे आलेला, जाड मानेचा आणि मार लागलेला कांदा आधी विकावा किंवा खाऊन संपवावा. चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, बाजू बांबूच्या फटींच्या आणि ढीग चार-पाच फुटांपेक्षा उंच नको. एवढे करूनही वजन घटते, काही माल सडतो, काहीला कोंब येतात. ती तूट हिशोबात धरूनच साठवावे.

आणि सगळाच माल अडवून बसू नये. सरकारी धोरण एका रात्रीत बदलते. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क बसले, 8 डिसेंबरला निर्यातबंदीच आली आणि भाव कोसळले. म्हणून आमचा सल्ला असा : आधी घरची वर्षाची गरज बाजूला काढावी. उरलेल्यातला निम्मा काढणीलाच विकून उधारी चुकती करावी. राहिलेला निम्मा चाळीत ठेवावा आणि भाव पाहून थोडा-थोडा काढावा. शेवटच्या पैशाची वाट पाहणारा बहुधा मुद्दलही गमावतो.

आमच्या कारीगर बांधवांसाठीही यात काम आहे. वेल्डिंग करणारे, बांबूचे आणि पत्र्याचे काम करणारे हात आपल्या मोहल्ल्यांत कमी नाहीत. दहा-वीस क्विंटलची लहान चाळ परवडेल अशा दरात कोणी बनवून दिली, तर त्याला गिऱ्हाईक शोधत फिरावे लागणार नाही. चाळीसाठी सरकारी अनुदानाची योजनाही आहे. तालुका कृषी कार्यालयात चौकशी करावी.

उधारीच्या दबावाखाली विकलेल्या मालात बरकत नसते. येत्या हंगामात कांदा निघण्याआधी चाळ उभी राहावी, एवढीच आमची कळकळीची विनंती आहे.