परदेशीं निघालेला नेपाळी विद्यार्थी व त्याची शिदोरी

व्यापारी मनुष्य दहा पोतीं तांदूळ घ्यावयाचा झाला तरी पोत्यांत हात घालून दाणा पाहतो, तोल पाहतो, चार दुकानीं भाव विचारतो आणि मगच थैलीची दोरी सोडतो. हाच मनुष्य पोटच्या मुलाला किंवा मुलीला परदेशीं शिकावयास धाडतांना मात्र एका अनोळखी मध्यस्थाच्या गोड शब्दावर जन्माची पुंजी ओततो. विद्या कोणती, ती कोठें चांगली मिळते, एकंदर खर्च किती येईल व ती मिळाल्यावर तिचा उपयोग काय, यांपैकीं एकहि प्रश्न तो नीट विचारीत नाहीं. हा विपरीत व्यवहार आज नेपाळांत हजारों घरीं चालला आहे, व त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

नेपाळच्या मुलांची चिंता मराठी वाचकांनीं कां वाहावी, असें कोणी म्हणेल. त्यास आमचें उत्तर असें कीं, नेपाळी विद्यार्थी पुण्यासारख्या शहरीं आपल्या मुलांच्या शेजारीं बसून शिकत आहेत, व त्यांच्यापैकीं कित्येक येथूनच पुढें समुद्रापलीकडे जाण्याची उमेद बाळगतात. शिवाय जो रोग काठमांडूस आहे तो आपल्याहि शहरांत आहे. शेजाऱ्याच्या घरचें दुखणें पाहून आपली नाडी तपासणें हें शहाणपणाचेंच लक्षण होय.

प्रथम या ओघाचें मान पाहावें. परदेशीं शिक्षणास जाण्यासाठीं व त्याचा पैसा बँकेमार्फत बाहेर धाडण्यासाठीं नेपाळी विद्यार्थ्यास तेथील शिक्षण मंत्रालयाचें ‘ना हरकत’ पत्र घ्यावें लागतें. २०२२-२३ या आर्थिक वर्षांत अशीं एक लाख दहा हजारांहून अधिक पत्रें दिलीं गेलीं. पत्र घेतलेला प्रत्येक जण गेलाच असें नव्हे. तथापि ज्या देशाची लोकसंख्या २०२१ च्या शिरगणतींत दोन कोटी एक्याण्णव लाख भरली, त्या देशास हा आंकडा लहान नव्हे. एकट्या अमेरिकेंत २०२३-२४ सालीं सोळा हजारांहून अधिक नेपाळी विद्यार्थी शिकत होते. ऑस्ट्रेलिया, जपान, कॅनडा व इंग्लंड येथील संख्या याहून निराळी.

हा ओघ बंद करावा, असें म्हणणारा एक पक्ष नेपाळांत आहे. आम्ही त्या पक्षाचे नाहीं. जंगबहादूर राणा १८५० सालीं विलायतेस गेला. परत आल्यावर त्यानें राणा कुळांतील मुलांकरितां इंग्रजी शाळा काढली, पण सामान्य रयतेस त्या ज्ञानाचा वाराहि लागूं नये अशीच राणा राजवटीची पुढें शंभर वर्षें वृत्ति राहिली. पहिलें महाविद्यालय, त्रिचंद्र, १९१८ सालीं निघालें. स्वतःचें विद्यापीठ, त्रिभुवन, हें १९५९ सालीं. इतक्या उशिरां ज्यांच्यासाठीं दारें उघडलीं, त्यांस ‘आतां घरींच बसा’ असें सांगणें हा निव्वळ अन्याय होय. मुलांनीं जावें, मुलींनीं तर अवश्य जावें. आमचें म्हणणें इतकेंच कीं, त्यांनीं तयारीनें जावें.

परंतु तयारी म्हणजे काय? काठमांडूच्या पुतलीसडक व बागबजार या भागांत परदेशीं पाठविणाऱ्या सल्लागारांच्या पाट्यांची दाटी आहे. तेथें जाणाऱ्या तरुणास बहुधा पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘देश कोणता?’ हा. मग महाविद्यालय ठरतें, आणि विषय शेवटीं, जो मिळेल तो. हा क्रमच मुळीं उलटा आहे. सगळे मध्यस्थ लबाड आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. कित्येक प्रामाणिकपणें श्रम घेतात. पण त्यांच्यापैकीं पुष्कळांची दलाली परदेशांतील महाविद्यालयें देतात, ही गोष्ट व्यापाऱ्यांस तरी समजावून सांगावयास नको. ज्याची दलाली विकणाऱ्याकडून येते, तो घेणाऱ्याचा वकील कसा होईल?

राणा राजवटीची आम्हांस तारीफ करावयाची नाहीं; तथापि तिनें १९०२ सालीं आठ विद्यार्थी जपानास धाडले, त्या वेळची एक गोष्ट घेण्यासारखी आहे. खाणकाम, शेती, यंत्रविद्या, शस्त्रें तयार करण्याची कला, अशा देशास हव्या असलेल्या विद्या शिकावयास तीं मुलें गेलीं होतीं. आज जाणाऱ्या हजारोंपैकीं किती जणांस ‘मी अमुक शिकावयास जातों, कारण त्याचा मला अमुक उपयोग आहे’ असें दोन वाक्यांत सांगतां येईल?

आमच्याकडील एक उदाहरण येथें देणें अस्थानीं होणार नाहीं. आनंदीबाई जोशी अमेरिकेस निघाल्या त्या १८८३ सालीं, अवघ्या अठरा वर्षांच्या असतां. निघण्यापूर्वीं त्यांनीं बंगाल्यांत श्रीरामपूर येथें भरसभेंत उभें राहून आपण कां जातों, हिंदुस्थानांतच कां शिकत नाहीं, एकट्या कां जातों, या लोकांच्या एकेका प्रश्नाचें उत्तर दिलें. आज व्हिसा देणारा अधिकारी नेपाळी विद्यार्थ्यास जवळजवळ हेच प्रश्न विचारतो. फरक इतकाच कीं, आनंदीबाईंचें उत्तर स्वतःचें होतें, व आजचा विद्यार्थी पुष्कळदां शिकवणीच्या वर्गांत पाठ केलेलें उत्तर म्हणून दाखवितो. एकाच दिवशीं पन्नास तरुणांच्या तोंडून तेंच वाक्य ऐकल्यावर अधिकाऱ्यास शंका आली, तर दोष कोणाचा?

म्हणून पहिली तयारी ही कीं, निघण्यापूर्वीं दोन वर्षें, म्हणजे अकरावीच्या आरंभींच, विषय ठरवावा. त्या विषयाचा अभ्यासक्रम कोणत्या महाविद्यालयांत कसा आहे, तें स्वतः वाचावें. अर्ज स्वतःच्या हातानें लिहावा. तो दुसऱ्याकडून लिहवून घेणें म्हणजे परीक्षेस दुसऱ्यास बसविण्यासारखेंच आहे. निःपक्ष सल्ला मिळत नाहीं असेंहि नाहीं. अमेरिका व नेपाळ या दोन सरकारांच्या करारानें १९६१ सालीं स्थापन झालेलें शैक्षणिक प्रतिष्ठान काठमांडूंत आहे. अमेरिकेस जाऊं इच्छिणारांस तेथें महाविद्यालयांच्या दलालीवांचून माहिती मिळते.

दुसरी तयारी भाषेची. आयेल्ट्स परीक्षेचा निकाल दोनच वर्षें ग्राह्य धरला जातो, म्हणून ती परीक्षा योग्य वेळीं द्यावी, हें खरें. पण सहा आठवड्यांच्या शिकवणीनें परीक्षा सुटते, भाषा येत नाहीं. दररोज एखादें व्याख्यान ऐकून त्याचें सार स्वतःच्या शब्दांत एका पानावर लिहिण्याचा परिपाठ वर्षभर ठेवावा. याचा दुसराहि लाभ आहे. आपल्या शाळांतून गाइडांतील उत्तर जसेंच्या तसें उतरविणारा मुलगा हुशार ठरतो. परदेशीं विद्यापीठांत दुसऱ्याचें लिखाण त्याचें नांव न सांगतां उतरविणें हा गुन्हा मानतात, व त्यापायीं विद्यार्थी काढूनहि टाकितात. ही जुनी संवय घरींच मोडलेली बरी. जपानास जाणारानें तर तेथें पोंचल्यावर भाषा शिकूं या भरंवशावर न राहतां, जपानी अक्षरें व बोलणें घरींच पक्कें करावें.

तिसरी तयारी पैशाची, आणि येथें आमच्या व्यापारी वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. ऑस्ट्रेलियाचें उदाहरण घ्या. १० मे २०२४ पासून तेथें जाणाऱ्या विद्यार्थ्यास, शुल्क व प्रवासखर्च सोडून, केवळ एका वर्षाच्या निर्वाहासाठीं २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर असल्याचें दाखवावें लागूं लागलें. व्हिसाच्या अर्जाचें शुल्क १ जुलै २०२४ रोजीं ७१० वरून १,६०० डॉलर झालें, व १ जुलै २०२५ रोजीं २,००० डॉलर. अर्ज नामंजूर झाला तरी हें शुल्क परत मिळत नाहीं. मजुरी करून शुल्क भागवूं, असें म्हणणारांनीं तेथील कायदा पाहावा. १ जुलै २०२३ पासून शिक्षण चालू असतां पंधरवड्यास ४८ तासांहून अधिक काम करण्यास तेथें मनाई आहे. जपानांत परवानगी घेऊनहि आठवड्यास २८ तासच. एवढ्या कामांत पोट भरेल. शुल्क निघणें कठीण.

आणखी एक बारीक गोष्ट हिशेबांत धरीत नाहींत. नेपाळी रुपया १९९३ पासून भारतीय रुपयाशीं १.६० या दरानें बांधलेला आहे. भारतीय रुपया डॉलरपुढें घसरला कीं नेपाळी रुपयाहि त्याच्याबरोबर घसरतो, व पहिल्या वर्षीं काढलेला आंकडा तिसऱ्या वर्षीं अपुरा पडतो. घसरणीसाठीं कांहीं रक्कम राखून ठेवल्यावांचून हा हिशेब पुरा झाला असें समजूं नये.

हा हिशेब न करणारीं कुटुंबें काय करितात? डोंगरउतारावरचें शेत गहाण पडतें. आईच्या अंगावरचें सोनें जातें. बँकेंत दुसऱ्याचा पैसा चार दिवस ठेवून तो आपला म्हणून दाखविला जातो. हें शेवटचें कृत्य तर खोटें बोलून शिक्षणाचा श्रीगणेशा करणें होय. तें उघडकीस आलें तर पुढील अर्जांचाहि मार्ग खुंटतो. उघडकीस न आलें तर मुलगा परक्या शहरीं रिकाम्या हातानें उभा राहतो व वर्ग सोडून बेकायदा मजुरीकडे वळतो. आमचा नियम साधा आहे: पहिल्या वर्षाचें शुल्क व निर्वाह स्वतःच्या पैशानें किंवा रीतसर कर्जानें हातांत असावा, व दुसऱ्या वर्षाचा पैसा कोठून येणार तें आजच कागदावर लिहितां यावें. हें जमत नसेल तर एक वर्ष थांबावें, शिष्यवृत्तीसाठीं झटावें, किंवा त्रिभुवन विद्यापीठांतून पदवी घेऊन मग उच्च शिक्षणास जावें. थांबणें म्हणजे हरणें नव्हे.

चौथी तयारी कागदपत्रांची. नेपाळांत विक्रम संवत् चालतो व परदेशीं इसवी सन. दोहोंत सुमारें सत्तावन वर्षांचें अंतर. नागरिकतेच्या दाखल्यावरील जन्मतिथि, शाळेच्या प्रमाणपत्रावरील तारीख व पासपोर्टावरील तारीख यांचा मेळ नसेल, किंवा नांवाचें एक अक्षर इकडेतिकडे असेल, तर दुरुस्तीस महिने लागतात. हें काम आधींच उरकावें. वैद्यकी शिकण्यास जाणारानें प्रथम नेपाळच्या चिकित्सा शिक्षण आयोगाची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, व परत आल्यावर मेडिकल कौन्सिलची परीक्षा देऊनच वैद्यकी करतां येते. इतर पदव्यांसहि मायदेशीं समकक्षता मिळवावी लागते. जी पदवी घरीं मान्य होणार नाहीं, ती घेण्यापूर्वींच तें कळावें.

पांचवी तयारी शरीराची व मनाची. आनंदीबाई १८८६ सालीं डॉक्टर झाल्या, पण क्षयानें खंगून परतल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्यें वारल्या. विद्या मिळाली, ती चालविण्यास देह उरला नाहीं. स्वयंपाक, कपडे, थंडीचा बंदोबस्त, आजाराचा विमा, हीं क्षुद्र कामें नव्हेत. मुलग्यांनींहि तीं घरींच शिकावींत. आणि आईबापांनीं निघतांना एक वाक्य अवश्य सांगावें: ‘न जमलें तर परत ये, घराचें दार उघडें आहे.’ गांवांत हंसें होईल या भयानें किती तरुण दुःख गिळून परक्या देशीं कुढत राहतात! परत येण्यास बेअब्रू मानणारा समाज आपल्याच मुलांचा वैरी आहे.

हें सारें कुटुंबांवर सोडून सरकारानें मोकळें व्हावें, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. ‘ना हरकत’ पत्र देणाऱ्या मंत्रालयानें विद्यार्थ्याच्या हातीं त्या देशाचा खरा खर्च, कामाचे नियम व अडचणीच्या वेळीं गांठावयाचें ठिकाण यांचें एक पान नेपाळींत छापून कां देऊं नये? दलाली कोणाकडून व किती मिळते, तें प्रत्येक सल्लागारानें पाटीवर लिहावें असा नियम कां नसावा? काठमांडूंत पाट्यांची दाटी व कर्णालीच्या खेड्यांत सांगणारा एकहि नाहीं, ही विषमता जिल्ह्याजिल्ह्यांतील शाळांतून सल्लागार शिक्षक नेमून दूर होण्यासारखी आहे. व्यापारी मंडळ्यांनीं होतकरू पण गरीब मुलामुलींसाठीं बिनव्याजी कर्जाचा निधि काढावा. ज्यांस तो मिळेल त्यांनीं फेडून पुढच्यास मोकळा करावा. आणि शिकून आलेल्यांनीं आपल्या गांवच्या शाळेंत एक दिवस उभें राहून यश जसें सांगावें तसें अपयशहि सांगावें. पाटीवरच्या हंसऱ्या चित्रापेक्षां अशा एका खऱ्या अनुभवानें पुढील मुलांचें अधिक रक्षण होईल.