ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणे!

ट्रकमालकांची बोंब चालूय: गाड्या उभ्या आहेत, ड्रायव्हर नाहीत. अमेरिकेतही हीच बोंब. तिथं वॉलमार्टनं २०२२ साली गोदामातल्या पोरांना १२ आठवडे ट्रक शिकवायला घेतलं. लायसनचा खर्च कंपनीचा, पहिल्या वर्षाची कमाई १ लाख १० हजार डॉलरपर्यंत. २०२३ पासून दुकानातल्या पोरापोरींनाही घेतलं. वॉलमार्ट काय धर्मादाय नाही. युनियनचं नाव काढलं की अंगावर येते. पण अडली, तेव्हा पैसा सुटला.

आणि इथं? मॉलमध्ये दहा तास उभं राहून पाय सुजलेलं आपलं पोरगं स्टिअरिंग मागायला गेलं, की आधी क्लीनर हो. टायर ठोक, काच पूस, उस्तादाचा चहा आण. किती वर्षं? उस्तादाची मर्जी! लायसनचे पैसे आईच्या डोरल्यातून. आठवी पासची अट सरकारनं २०१९ ला काढली, शिकवायचा खर्च मात्र पोराच्याच बोडक्यावर राहिला. दिवसाला आठ तास काम, हे १९६१ च्या कायद्यातच लिहिलं होतं. गोदीच्या गेटवर नुसत्या रांगेत तेवढे तास जातात, ते कोण मोजतो?

शिकवणी मालकाच्या खर्चानं, शिकताना पगार, रांगेतल्या तासांचेही पैसे. एवढं लेखी द्या, मग बघू ड्रायव्हर कसे मिळत नाहीत.