मशहूर आणि मकबूल

मधल्या सुट्टीत माझ्या वर्गातली मुले भांडत होती. रोनाल्डोचे इन्स्टाग्रामवर साठ कोटींहून जास्त फॉलोअर्स, म्हणून तोच सर्वांत मोठा फुटबॉलपटू, असा एकाचा दावा. "सर, तुमचा आवडता कोण?" मी म्हणालो, "मेसुत ओझिल." लगेच पुढचा प्रश्न आला, "तो कितवा?"

घंटा झाली आणि उत्तर राहून गेले. ते इथे लिहितो.

ओझिल जर्मनीतल्या गेल्सेनकिर्शनचा. घराणे तुर्कस्तानातून पोटापाण्यासाठी आलेले. जर्मन संघाच्या फॅन क्लबचे सदस्य दरवर्षी मते देऊन वर्षाचा खेळाडू निवडतात. २०११ ते २०१६ या सहा वर्षांत ओझिल पाच वेळा पहिला आला. २०१४ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघातही तो होता.

मे २०१८ मध्ये त्याने एर्दोगान यांच्यासोबत फोटो काढला. निवडणुकीच्या तोंडावर सत्ताधाऱ्याशेजारी असे उभे राहणे मलाही पटले नाही. टीका व्हायलाच हवी होती. पण ती फोटोपुरती थांबली नाही. रशियातल्या विश्वचषकात जर्मनी पहिल्याच फेरीत गारद झाली आणि खापर मोठ्या प्रमाणात त्याच्यावर फुटले. जिंकलो की मी जर्मन, हरलो की बाहेरून आलेला, अशा अर्थाचे निवेदन देऊन जुलैमध्ये त्याने राष्ट्रीय संघ सोडला. पाच वेळा मिळालेला पहिला नंबर कामी आला नाही.

पुढे डिसेंबर २०१९ मध्ये त्याने चीनमधल्या उइगर मुसलमानांच्या छळाविरुद्ध लिहिले. चिनी सरकारी वाहिनीने आर्सेनलचा सामना दाखवणे रद्द केले. व्हिडिओ गेमच्या चिनी आवृत्तीतून ओझिलला काढून टाकले. हे त्याचे वैयक्तिक मत आहे, असे सांगून त्याच्या क्लबनेही हात झटकले.

उर्दूत 'मशहूर' वेगळा आणि 'मकबूल' वेगळा. मशहूर म्हणजे प्रसिद्ध. मकबूल हा शब्द 'कबूल'पासून आला, म्हणजे ज्याला लोकांनी स्वीकारले तो. रोजच्या बोलण्यात आपण दोन्ही एकाच अर्थाने वापरतो. ओझिल मशहूर होता. मकबूल होता का, हे संघ हरल्यावर कळले.

आपणही हेच करतो. मुसलमानांविषयी कुणी वाईट बोलले, की आपण झटकन यादी काढतो: कलामसाहेब, झहीर खान, अमुक नट, तमुक गायक. ही माणसे मोठीच आहेत. पण यादी दाखवून मान मागितला, की यादीत नसलेल्यांनी मान मागू नये, हेही आपण कबूल करून बसतो.

माझ्या वर्गात चाळीसेक मुले आहेत. त्यांतली बहुतेक कुठल्याच यादीत येणार नाहीत. कुणी गॅरेजमध्ये काम करेल, कुणी शिक्षक होईल, कुणाला गणितात जेमतेम पस्तीस मिळतील. हा देश त्यांचाही आहे, आणि त्यासाठी त्यांना कितवाही नंबर लागत नाही.

उद्या वर्गात हेच सांगणार आहे.